स्मित : दात न दिसणारे हसू

१/ मराठीत हसण्याला शब्दांची वाण नाही : खुदकन, खदखदा, खो खो. मात्र आवाजाविना उमटणाऱ्या हसण्यासाठी साहित्याने मानाने जपलेला शब्द म्हणजे 'स्मित'. तो मान कोणाच्या वाट्याला आला, याविषयीचा हा धागा.

२/ संस्कृत धातुपाठात 'स्मि' या धातूचा अर्थ 'किंचित हसणे' असा आहे. 'विस्मय' आणि गर्व या अर्थाचा 'स्मय' हे शब्द त्याचेच. इंग्रजी 'स्माइल'ही याच प्राचीन भाषाकुळातले.

३/ भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, हास्याचे सहा प्रकार येतात : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. 'गालातल्या गालात हसणे' हा मराठी वाक्प्रचार या वर्णनाच्या अगदी जवळचा.

४/ या सहांची वाटणी पात्रांच्या दर्जानुसार झाली. स्मित व हसित उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधम पात्रांचे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरून हसणे हे अधमाचे लक्षण ठरले.

५/ काव्यानेही हाच संकेत पाळला. वाल्मीकींचा राम 'स्मितपूर्वाभिभाषी', म्हणजे आधी स्मित करून मग बोलणारा. शांत हसू हा राजगुण झाला.

६/ कष्टकऱ्याच्या हसण्याची मात्र साहित्यात फारशी दखल नव्हती. डहाणू-तलासरी भागातील वारली जमीनदार-सावकारांच्या वेठीत जखडलेले होते. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेची परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाने ही माणसे मराठी वाचकांसमोर आणली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

७/ वारल्यांची स्वतःची नोंद भिंतीवर होती. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेल्या आकृतींचे डोके म्हणजे एक गोल. त्यात बहुधा डोळे नसतात, ओठ नसतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

८/ तरीही तारपा नाचाचे चित्र आनंदाचेच आहे, हे कोणालाही कळते. आनंद तिथे वाकलेल्या कमरेत, गुंफलेल्या हातांत, वळत जाणाऱ्या साखळीत आहे.

९/ भरतमुनींनी हसू गाल, डोळे आणि दातांवरून जोखले व त्याला पायऱ्या दिल्या. तारप्याभोवतीच्या साखळीत उत्तम कोण आणि अधम कोण, हे ओळखता येत नाही. 'स्मित' हा शब्द वाचताना त्याच्यामागची ती उतरंडही ध्यानात ठेवावी.