गोषवारा: कानातल्या डुलापासून प्रबंधापर्यंत

हिंदीत सशाला खरगोश म्हणतात. म्हणजे शब्दशः गाढवकान्या. खर म्हणजे गाढव, गोश म्हणजे कान, आणि दोन्ही शब्द फारसीचे. याच गोशपासून फारसीत गोशवारा झाला. त्याचा एक अर्थ कानातलं: डूल म्हणा, बाळी म्हणा. दुसरा अर्थ हिशेबाचा संक्षेप. कारकुनांच्या बोरूवर बसून मराठीत आला तो दुसरा. दागिना वाटेतच राहिला. इकडे आल्यावर शचा ष झाला आणि शब्द इतका सोवळा दिसू लागला की त्याचं नातं संस्कृत घोषाशी जोडणारी माणसं मला भेटली आहेत. विद्यापीठांच्या मराठी शोधनिबंधांवर आता पहिल्या पानावरच तो विराजमान असतो: ‘गोषवारा’, आणि खाली एक परिच्छेद.

दख्खनच्या सुलतान्यांत दरबारची भाषा फारसी असली, तरी गावोगावचा वसूल लिहिणारे हात बहुतेक मराठी होते. त्या हातांनी फारसी शब्द उचलले आणि आपल्या तोंडाप्रमाणे वाकवले. फर्द म्हणजे कागदाचा बंद. तो लिहिणारा फर्दनवीस, म्हणून फडणीस. मजमू म्हणजे एकत्र केलेलं. ते सांभाळणारा मुजुमदार. म्हणजे मुजुमदार हे आडनाव एका अर्थी ‘बेरजेचा राखणदार’ असंच आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) मुजुमदाराचा अमात्य झाला, आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला. अमात्य पाठ्यपुस्तकात गेले. फडणीस, चिटणीस, मुजुमदार दारावरच्या पाट्यांवर राहिले, आणि गोषवारा तलाठ्याच्या दप्तरापासून सोसायटीच्या वार्षिक अहवालापर्यंत अजून कामावर आहे.

तो नेमकं काय काम करतो ते पाहण्यासाठी जुन्या पद्धतीचा एखादा हिशेब डोळ्यांपुढे आणावा. पहिली वही रोजकीर्द. तिच्यात तारखेवार सगळं एकाखाली एक: पागेकडे चंदी, मुदपाकखान्याकडे तूप, देवघराकडे फुलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चंदी. दुसरी वही खतावणी. तिच्यात हीच कलमं खात्यांत वाटलेली. महिनाभराची चंदी एका जागी, तूप एका जागी. त्यावरून निघतो तो गोषवारा: पागा, एक ओळ, एक आकडा. धन्याला तिसऱ्या दिवशीचं तूप दिसत नाही, दिसायची गरजही नाही. पण पागेचा आकडा डोळ्यांत खुपला, तर गोषवाऱ्यातून खात्यावर आणि खात्यावरून कीर्दीतल्या त्या तारखेवर बोट ठेवत खाली उतरता येतं. वाट मध्येच तुटली तर तो गोषवारा खोटा.

कारकुनाला मत नसायचं असं नाही. ‘चंदी जास्त गेली’ असं त्याला वाटलं, तर ते शेऱ्यात जाई. आकड्यात नाही. संशोधनाच्या पद्धतीवर इंग्रजीतून आलेली जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत, पण दुसऱ्याचं म्हणणं आणि आपलं म्हणणं यांत भिंत कुठे घालायची, हे शेऱ्याच्या रकान्याइतकं स्वच्छ मला कुणी सांगितलेलं नाही.

इंग्रजीतल्या समरीचं कूळही हिशेबाचंच निघतं, हा एक गमतीचा योग. लॅटिनमध्ये सुम्मा म्हणजे बेरीज, आणि तिच्या मुळाशी ‘सर्वांत वरचा’ असा अर्थ. रोमन लोक रकाना खालून वर मोजत आणि एकूण आकडा माथ्यावर लिहीत. आपण बेरीज तळाशी लिहितो, एवढाच फरक.

आकड्यांचं ठीक आहे. शब्दांचं काय? तिथे दुसरं घराणं लागतं, आणि ते आपल्याकडे फार जुनं आहे. अनुवाद म्हणजे भाषांतर हा अर्थ अलीकडचा. शास्त्रात अनुवाद म्हणजे मागून बोलणं, आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. न्यायसूत्रांत यावर एक छान चकमक आहे. पूर्वपक्षी विचारतो, अनुवाद आणि पुनरुक्ती यांत फरक तो कसला? दोन्हीकडे शब्दच परत येतात. उत्तर असं की वाटसरूला ‘लवकर, लवकर चल’ म्हणताना दुसरा ‘लवकर’ फुकट जात नाही. तो काम करतो. काही हेतूने पुन्हा सांगितलं तर अनुवाद, नुसतंच सांगितलं तर पुनरुक्ती, आणि पुनरुक्ती हा दोष. सातशे श्लोकांच्या गीतेवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांना कुणी पुनरुक्तीचा दोष दिला नाही. मूळ कुणाचं, हे तिथे पावलोपावली सांगितलेलं आहे.

वर ‘पूर्वपक्षी’ म्हटलं, तीही याच घराण्याची शिस्त. ज्याचं मत खोडायचं त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि असं मांडायचं की त्यालाही ते आपलंच वाटावं. सगळ्यांनी ती पाळली असं नाही. चौदाव्या शतकात विजयनगरच्या काळात लिहिलेला माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह एकेक दर्शन थोडक्यात सांगत जातो आणि सुरुवात चार्वाकापासून करतो. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ बहुतांशी हरवले. आज चार्वाक काय म्हणत होते हे आपण मोठ्या प्रमाणात त्यांच्या विरोधकांनी केलेल्या गोषवाऱ्यांवरून सांगतो. कीर्द जळाली, खतावणी जळाली, उरला तो समोरच्या पेढीवर लिहिलेला गोषवारा. माधवाचार्यांनी किती प्रामाणिकपणा दाखवला यावर अभ्यासकांनी हवं तितकं भांडावं. पडताळायला बोट मात्र खाली उतरत नाही.

इंग्रजी अमदानीत या दोन घराण्यांच्या शेजारी तिसरं येऊन बसलं: प्रेसी. शब्द फ्रेंच, मूळ लॅटिन, अर्थ ‘छाटलेलं’. परीक्षेला सोयीचं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेच्या अनिवार्य पेपरात आजही उताऱ्याचा सारांश सुमारे एक-तृतीयांश शब्दांत मागतात, आणि तोही स्वतःच्या शब्दांत. शाळेनेही आम्हाला तेच शिकवलं. तिन्हींत हे घराणं मला सगळ्यांत गरीब वाटतं, कारण त्यात उतारा कुणाचा हे विचारायची पद्धतच नाही. उतारा आभाळातून पडतो, आपण तो छाटतो, गुण मिळतात. आणि ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे काय, तर समानार्थी शब्दांची अदलाबदल, अशी आमची पक्की समजूत होते.

ही समजूत पुढे कशी फळते ते पाहा. मूळ वाक्य समजा असं आहे: ‘कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पुण्यातल्या हौदांपर्यंत येई, आणि हवा कोंडू नये व आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते.’ विद्यार्थी लिहितो: ‘कात्रजच्या जलाशयातील जल भूमिगत पाषाणी नलिकेतून पुणे नगरीतील हौदांपर्यंत पोहोचत असे, आणि वायू अडकू नये व आत उतरून चिखल उपसता यावा यासाठी मार्गात ठिकठिकाणी उच्छ्वास उभारलेले होते.’ सांगाडा तोच, कपडे भाड्याचे. वर मराठीही बिघडली.

मी लिहायचं ठरवलं, आणि माझा विषय देखभालीचा असला, तर पुस्तक मिटून पहिला प्रयत्न असा होईल: ‘हा नळ बांधतानाच त्याच्या सफाईची सोय केलेली होती, उच्छ्वास हवेसाठी होते तितकेच गाळ काढण्यासाठीही होते.’ मग पुस्तक उघडायचं आणि बोट खाली न्यायचं. ‘तितकेच’ कुठून आलं? मुळात दोन कारणं आहेत. कुठलं किती वजनाचं ते सांगितलेलं नाही. ते वजन मी घातलं. शेरा आकड्यात शिरला. म्हणून ‘हवेबरोबरच गाळ काढण्यासाठीही होते’, आणि पुढे लेखकाचं नाव व पान. माझे शब्द झाले म्हणून पान गळत नाही. उलट अवतरणचिन्हं गेल्यावर वाचकाला मुळाकडे न्यायला तेवढीच एक खूण उरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्रबंधातलं साम्य टक्क्यांत मोजलं. १० टक्क्यांपर्यंत माफ; १० ते ४० असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं; ६० च्या वर नोंदणीच रद्द. हेतू चांगला. पण टक्के काढणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द पाहतं. पाण्याचं जल केलं की आकडा उतरतो, आणि कल्पना कुणाची हे त्याला कळतच नाही. पाषाणी नलिकेचं पीक मला गेल्या काही वर्षांत फार दिसतं, ते यामुळेच असावं.

अर्थात मी कुणाला हसू नये. एम.ए.च्या लघुप्रबंधात एका इतिहासकाराचं मत मी चार ओळींत मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. शब्द सगळे माझे. मार्गदर्शक बाईंनी समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: ‘पान?’ ते टिपून ठेवलेलं नव्हतं. ग्रंथालयात जाऊन तीन दिवस शोधलं तेव्हा ती जागा सापडली. मत तिथे होतं, मी लिहिलं तसंच होतं. फक्त ते त्या इतिहासकाराचं नव्हतं. पूर्वपक्ष म्हणून त्याने ते मांडलं होतं आणि पुढच्या पानावर सविस्तर खोडलं होतं. ते पान मी उलटलंच नव्हतं.