सायकलचं कुलूप

परवा नातीचा नेदरलँड्सहून फोन आला. शिकायला गेली आहे तिकडे. "आजी, जुनी सायकल घेतली. आणि कुलपं दोन घेतली!" मी म्हटलं, "अगं, सायकल आहे की तिजोरी?" तर म्हणाली, "इथे सगळे असंच सांगतात. एक मागच्या चाकाला आणि एक जाड साखळी, खांबाला बांधायला." फोन ठेवला आणि मन एकदम पन्नास वर्षं मागे गेलं. पण ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास. मास्तरीण आहे, सवय जात नाही!

पायडल नसलेली, पायांनी जमीन ढकलत चालवायची दुचाकी कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ साली केली. आज आपण ओळखतो ती सायकल मात्र १८८५ च्या सुमाराची. जॉन केम्प स्टार्ली या इंग्रज माणसाची 'रोव्हर'. जवळपास सारखी दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि सायकल हलकी पळू लागली. हलकी, वेगवान, आवाज न करणारी. धन्याला जे हवं, नेमकं तेच चोरालाही हवं! घोडा निदान अडतो, धन्याला ओळखतो. सायकल जो बसेल त्याची.

नातीच्या त्या देशाने तर सायकलचोरीचे सगळे प्रकार पाहिलेत. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्याने लोकांच्या सायकली जप्त केल्या. त्या चोरीपुढे कुठलं कुलूप टिकणार? युद्धानंतर कितीतरी वर्षं डच लोक जर्मन पाहुण्यांना "आमची सायकल परत द्या" असं म्हणून चिडवत.

पुढे १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' नावाच्या तरुणांच्या गटाने उलटाच विचार केला. सायकली पांढऱ्या रंगवायच्या, कुलूप न लावता रस्त्यात ठेवायच्या, ज्याला हवी त्याने न्यावी आणि काम झालं की सोडून द्यावी. सगळ्यांचीच असेल तर चोरी कसली? पण पोलिसांनीच त्या सायकली उचलून नेल्या. कारण काय, तर सायकल बिनकुलपाची ठेवणं कायद्याने गुन्हा होता! गंमत वाटते, पण आज आपल्या शहरांतून भाड्याच्या सार्वजनिक सायकली दिसतात, त्या कल्पनेचं मूळ तिथे आहे.

अमेरिकेत १९७०च्या दशकात इंग्रजी 'यू' अक्षरासारखं पोलादी कुलूप आलं. 'क्रिप्टोनाइट' कंपनीच्या कुलपाची १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर महिनाभर परीक्षा घेतली. चोरांनी सुटे भाग काढून नेले, पण सायकल जागेवर राहिली. आणि त्याच कंपनीची गोल किल्लीची कुलपं २००४ मध्ये साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात असं उघड झालं. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. कुलूप करणारा एक पाऊल पुढे, तर उघडणारा त्याच्या मागे दीड पाऊल.

आपल्याकडे मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप. खटका दाबला की दांडी आऱ्यांमधून आरपार. उघडं असताना किल्ली त्यातच अडकून राहते, म्हणून हरवत नाही. सोय मोठी, पण एक उणीव. ते चाक थांबवतं, सायकल कशालाही बांधत नाही. मागचं चाक उचललं की झालं.

हे मला कळलं १९७४ साली. नोकरीत कायम झाल्यावर हप्त्याने घेतलेली लेडीज सायकल. मंडईबाहेर लावली, भाजी घेऊन येते तो जागा रिकामी. किल्ली माझ्या पिशवीत. चौकीत फ्रेमचा नंबर लिहून दिला आणि पायी घरी आले. हप्ते अजून सात राहिले होते.

नववीतला एक मुलगा कधीकधी सायकलमध्ये हवा भरून आणायचा. किल्ली त्याच्या हातात असायची. घरची परिस्थिती बेताची. डोक्यात किडा शिरला, जादा किल्ली करून घेतली असेल का? दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी विचारलं, "तुला माहीत आहे का रे माझी सायकल कुठे आहे?" शब्द साधे होते, सूर नव्हता. सगळ्या वर्गाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही. चार दिवस शाळेत आला नाही.

आठव्या दिवशी सायकल सापडली. नाल्याकाठी. पुढचं चाक, सीट, डायनॅमो, घंटी, सगळं गायब. आणि मागचं कुलूप? जसं मी लावलं होतं तसंच, बंद! चोराने किल्ली वापरलीच नव्हती, उचलून नेली होती. त्या मुलाच्या बाजूने त्या कुलपाने साक्ष दिली.

मी त्याच्या घरी गेले, माफी मागितली. "असू द्या बाई," एवढंच म्हणाला. पण आरोप मी चारचौघांत केला होता आणि माफी एकांतात मागितली. वर्गासमोर बोलायचा धीर झाला नाही. दहावी होईपर्यंत तो माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसला. सायकलीला हात मात्र पुन्हा लावला नाही.

असो. नातीला सांगितलं, साखळी फक्त चाकातून नको, फ्रेम आणि चाक दोन्हींतून घालून खांबाला बांध. कुलूप जमिनीला टेकू देऊ नकोस, तिथे घाव घालणं सोपं जातं. फ्रेमचा नंबर वहीत लिहून ठेव. आणि इतकं करूनही गेलीच, तर आधी कुलूप कसं तुटलं ते बघ. माणसाकडे बोट त्यानंतर.

ती म्हणाली, "आजी, दोन कुलपं लावल्यावर कशी जाईल?"

मी म्हटलं, "जाईल गं. सायकल पुन्हा घेता येते."