वारांची उसनवारी

"यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा," असा कार्यवाहांचा निरोप आला. विषय मात्र मला गेल्या वर्षीच्या बैठकीतच मिळाला होता. सजावटीसाठी कोणीतरी कागदी चांदण्या आणल्या होत्या, नाताळात लावतात तशा. "हे त्यांचे, आपल्या मंडपात नको," असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, दोघातिघांनी माना डोलावल्या. दरवर्षी हौसेने सजावटीला येणारे आमच्या ऑफिसातले मल्याळी ख्रिस्ती सहकारी काही न बोलता उठून गेले. त्या वेळी मलाही काही बोलायला सुचले नाही, याची रुखरुख आहे.

घरी येऊन कॅलेंडरवर पुढच्या बैठकीची खूण करताना 'गुरुवार' या शब्दावर बोट थांबले. हा वार तरी कोणाचा?

तिथी, पक्ष, नक्षत्रे ही आपली जुनी मोजणी. गणपतीची चतुर्थी त्यातलीच. पण वेदवाङ्मयात सात ग्रहांचे वार नाहीत. ते ग्रीक-रोमन जगातून ज्योतिषाबरोबर इकडे आले. युक्ती अशी : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने दिवसाच्या चोवीस तासांना एकेक अधिपती द्यायचा आणि पहिल्या तासाच्या अधिपतीचे नाव दिवसाला ठेवायचे. शनिवारपासून मोजत गेलात तर पंचविसावा तास रवीचा येतो, म्हणून शनिवारनंतर रविवार. बोटांवर करून पाहा. आपण ज्याला 'होरा' म्हणतो तो शब्दही ग्रीकच.

भारतात वार कोरलेला सर्वांत जुना कालनिश्चित लेख आपल्या मध्य प्रदेशातच, बीनाजवळच्या एरणला आहे, असे सामान्यतः मानले जाते. बुधगुप्ताच्या काळचा हा लेख, गुप्त संवत १६५, म्हणजे इ. स. ४८४. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या भावांनी विष्णूचा स्तंभ उभारला, त्यावर आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा, म्हणजे बृहस्पतीचा दिवस नोंदला आहे. विष्णूच्या ध्वजस्तंभावर यवनांकडून आलेला वार कोरताना त्यांना काही वावगे वाटले नाही. पुढच्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त तर, यवन म्लेंच्छ असले तरी या शास्त्रामुळे ऋषींसारखे पूज्य ठरतात, अशा अर्थाचा श्लोक आहे. आणि वार नसते तर आपली अंगारकी कुठून आली असती? चतुर्थी आपली, मंगळवार पाहुणा.

युरोपात याच वारांवरून बरीच कुरकुर झाली. लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेडवळ. सैनिकी बोलीत बिनलष्करी, बाहेरचा माणूस. ख्रिस्ती लोक जुन्या देवांच्या भक्तांना हे नाव देऊ लागले, त्यातून 'पेगन' आला. स्वतःहून कोणी त्या काळी पेगन म्हणवून घेत नव्हता. आपला 'म्लेंच्छ' तरी कोणी स्वतःला लावला? पण कॉन्स्टंटाइन बादशहाने इ. स. ३२१ मध्ये साप्ताहिक सुटी जाहीर केली ती सूर्याच्या दिवसाची, आणि इंग्रजीत तो आजही 'संडे'च आहे. 'वेन्सडे' वोडेन देवाचा, 'थर्सडे' थॉरचा. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांना हे खुपले, म्हणून त्यांनी पहिला दिवस, दुसरा दिवस अशी मोजणी धरली.

याहून कडक निघाले ते आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचे बिशप मार्टिन. सहाव्या शतकात त्यांनी खेडवळांना सुधारण्यासाठी पुस्तिकाच लिहिली आणि मंगळ, बुध, गुरू यांची नावे दिवसांना देण्याबद्दल कान उपटले. पोर्तुगीज भाषेत खरोखरच ती नावे गेली. तिथे सोमवार म्हणजे 'सेगुंदा-फेइरा', दुसरा वार, आणि पुढे शुक्रवारपर्यंत आकडेच.

आता गंमत बघा. हेच पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. देवळे पाडली, लोकांना बाटवले, कोकणीवरही बंदी घातली. पण गोव्यातला ख्रिस्ती माणूस कोकणी बोलताना आजही चर्चला जातो तो 'आयतारा', म्हणजे आदित्यवारी; आणि गुरुवारला म्हणतो 'बिरेस्तार', म्हणजे बृहस्पतीचा वार. एरणच्या खांबावरचाच. माझी आजी कधी गोव्याला गेली नाही, पण तीही 'आइतवार'च म्हणायची.

उसने घेतले म्हणजे देणाऱ्याचे सगळे पटले, असे मात्र नव्हे. एरणच्या भावांनी वार घेतला, झ्यूसची पूजा सुरू केली नाही. गोव्यातला ख्रिस्तीही बृहस्पतीला हात जोडत नाही. या बाबतीत आमच्या ज्येष्ठ सभासदांची धास्ती मला जरा जास्त वाटते, पण हे त्यांच्याशी बोलणे राहिलेच आहे.

यंदाच्या पहिल्या बैठकीचे पत्रक निघाले आहे, वार बुधवार. त्या सहकाऱ्यांना मी घरी जाऊन सांगून आलो, येतो म्हणाले. चांदण्या अजून मंडळाच्या कपाटातच आहेत.