बावखलाच्या पाण्याची किंमत

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. वीस वर्षांनी, 1554 मध्ये, सिमाँव बोतेल्यू या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याचं जमाबंदीचं दप्तर तयार झालं. त्यात वसईकडच्या गावांचा सारा, जमिनींचे खंड, जकाती, सगळं आलं. 1739 मध्ये मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि धनी बदलला. सारा थांबला नाही.

मोजदादीत खरी हौस दाखवली ती इंग्रजांनी. 1837 मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे 8 आणे कर बसला. खाडीकाठच्या मिठागरांत ऊन आणि भरतीचं पाणी जे फुकट पिकवत होती, त्यात सरकार असं वाटेकरी झालं. मग 1878 च्या अबकारी कायद्याने ताडी-माडीचा नंबर लावला. ज्या झाडाची ताडी काढायची, त्या प्रत्येक झाडावर कर. माड नुसता उभा राहून सावली देई, बांध धरून ठेवी, तोवर अबकारी खात्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. भंडाऱ्याने वर चढून मडकं बांधलं की तो हिशेबात आला.

याच मुलखात, अर्नाळ्यापासून वसईपर्यंतच्या किनारपट्टीत, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास अशा गावांच्या वाड्यांमध्ये, बावखलं होती. बावखल म्हणजे रेताड जमिनीत खणलेलं, ना बांधीव ना खोल, गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि भरपूर मुरलेलं असलं की खाऱ्याला आत येऊ देत नाही. बावखलाच्या काठी रहाट असे. बैल गोल फिरे, गाडगी भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत आणि पाणी पाटाने केळीला, पानवेलीला, फुलझाडांना जाई. आगाशीची सुकेळी होतात ती राजेळी केळी याच बागायतीतली. घडाला भाव होता, पानाच्या कवळीला भाव होता. पाण्याचा दर मात्र गावात कुणी कुणाला विचारत नसे. रहाटाचा एक गुण मागाहून ध्यानात येतो: बैल दमला की उपसा थांबे.

इंजिन दमत नाही. आधी इंजिनं आली, मग विजेचे पंप. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वसई रोड, नालासोपारा, विरार या स्थानकांभोवती इमारती उठल्या, नळाचं पाणी पोचलं नव्हतं, आणि पश्चिमेच्या विहिरींचं पाणी टँकरने विकलं जाऊ लागलं. भूजलाला बाजारात दर मिळाला तो असा. त्या दरात फक्त उपसा आणि वाहतूक धरलेली होती. शेजारच्या वाडीतली विहीर मचूळ झाली तर तिचं नुकसान कुणाच्याच खाती पडत नव्हतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समिती याच पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरली. फादर पुढे, 2020 मध्ये, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण वसईकरांसाठी ते आधी आंदोलनातले फादर.

तिकडे निसर्गाच्या कामाचं मोल कसं लावायचं, या प्रश्नाला अर्थतज्ज्ञही भिडत होते. रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये निसर्गाच्या जगभरातल्या सेवांचं वार्षिक मोल सरासरी 33 लाख कोटी डॉलर मांडलं. आकड्यावर वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये ठरवलं. वनजमीन इतर कामाला वळवायची तर ते भरावं लागतं. म्हणजे वसईच्या पूर्वेकडच्या तुंगारेश्वराच्या जंगलासाठी दरपत्रक आहे. खाली पश्चिमेला कुणी वाडीतलं बावखल भरावाने बुजवलं, तर हे दरपत्रक तिथे लागू नाही.

जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं. रुळांवर पाणी आल्याने लोकल बंद पडल्या, मिठागर वस्तीतली माणसं अडकली, कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. नंतर निरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांनी कारणं तपासली आणि इतर उपायांबरोबर धारण तलाव सुचवले, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरतील असे मोठे तलाव. पावसाचं पाणी धरायचं काम बावखलं आधीपासून करत होती.

निसर्ग करत होता ते काम माणसाने करायचं तर किती खर्च येईल, यावरून मोल काढण्याची अर्थशास्त्रात एक रुळलेली रीत आहे. वसईत या हिशेबाची कागदपत्रं आयतीच सापडतात: टँकरच्या पावत्या, धारण तलावांचे प्रस्ताव आणि सूर्या नदीचं 185 दशलक्ष लिटर पाणी रोज वसई-विरारला आणण्यासाठी आखलेल्या योजनेची अंदाजपत्रकं.