पोकळ बैलातला माणूस

१९०० सालच्या सुमारास इंग्लंडच्या एखाद्या कुरणात एक बैल तासन्‌तास एकाच जागी उभा दिसला असता, तर वाटसरूला त्यात विशेष काही वाटले नसते. बैलाचे कातडे खरे होते. आत मात्र लाकडी सांगाडा होता आणि त्या सांगाड्याच्या पोकळीत, कॅमेऱ्याच्या भिंगाशी डोळा लावून, एक माणूस वाकून उभा होता. समोरच्या गवतात घरटे असे. बैलाला पक्षी भीत नाहीत, माणसाला भितात, एवढ्या साध्या निरीक्षणावर ही सारी युक्ती उभी होती. रिचर्ड आणि चेरी ह्या कीर्टन बंधूंची ही गोष्ट निसर्गछायाचित्रणाच्या इतिहासात गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती गमतीपेक्षा थोडी अधिक वाटते. ब्रिटिश ग्रामीण भागाच्या छायाचित्रांमध्ये कोण दिसतो आणि कोण लपतो, हा प्रश्न ह्या बैलाच्या पोटातून फार चांगला दिसतो.

बैलाकडे वळण्यापूर्वी अर्धे शतक मागे गेले पाहिजे. वेल्समध्ये पेनलेर्गेर येथे जॉन डिल्विन लुएलिन (१८१०–१८८२) हे जमीनदार राहत. छायाचित्रणकलेचे एक जनक फॉक्स टॅल्बट हे त्यांच्या पत्नीचे मावसभाऊ. त्यामुळे ही नवी विद्या त्यांच्या घरी अगदी आरंभीच पोचली. लुएलिन ह्यांच्या १८५० नंतरच्या काही चित्रांत झाडीत उभे हरीण दिसते, पाण्याकाठी टपलेला बगळा दिसतो. झाडी खरी, पाणी खरे. हरीण आणि बगळा मात्र पेंढा भरलेले. त्या काळच्या काचेवर प्रतिमा उमटायला जो वेळ लागे, तेवढा वेळ कोणतेही जिवंत जनावर स्तब्ध राहणे शक्य नव्हते. म्हणून मेलेल्या प्राण्यांना जंगलात नेऊन उभे करायचे! ह्याला लबाडी म्हणावे काय? आमच्या मते नाही. लुएलिन ह्यांना लाटा, धूर, ढग अशा चंचल गोष्टी काचेवर पकडण्याचे खरोखर वेड होते आणि तशा चित्रांबद्दल १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना पदकही मिळाले. जे पकडता येत नव्हते, त्याची त्यांनी जुळवाजुळव केली, इतकेच.

ह्या लुएलिन ह्यांचेच आणखी एक काम जाता जाता सांगण्यासारखे आहे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यांनी ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. तिने प्रतिमा फार सुरेख येई, पण काच ओली असतानाच सारे उरकावे लागे. म्हणजे रानात जायचे तर तंबू, रसायने आणि पाणी ह्यांचा संसार पाठीवर घ्यायचा. लुएलिन ह्यांनी १८५६ मध्ये काचेवर मध आणि व्हिनेगर ह्यांच्या मिश्रणाचा थर देऊन ती काही दिवस ओलसर ठेवण्याचा उपाय काढला. घरी काच तयार करा, आरामात डोंगरावर जा, परत येऊन धुवा. निसर्गचित्रणाचा पुढचा इतिहास हा बऱ्याच अंशी असे ओझे कमी होत जाण्याचा इतिहास आहे. १८७१ मध्ये डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स ह्यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दहा वर्षांत तशा काचा दुकानात मिळू लागल्या आणि त्या इतक्या शीघ्रग्राही झाल्या की जिवंत पक्षी हा चित्राचा विषय होऊ शकला.

दरम्यान भूदृश्याच्या क्षेत्रात एक कडाक्याचा वाद माजला होता. हेन्री पीच रॉबिन्सन ह्यांच्यासारखे छायाचित्रकार अनेक काचांवरील तुकडे जोडून एक चित्र बनवीत. त्यांच्या ग्रामीण चित्रांतल्या शेतकरीणी पुष्कळदा वेष चढवलेल्या भद्र स्त्रिया असत. ह्यावर पीटर हेन्री एमर्सन (१८५६–१९३६) तुटून पडले. पेशाने ते डॉक्टर, जन्म क्यूबातला, स्वभाव भांडखोर. टी. एफ. गुडॉल ह्या चित्रकारासह त्यांनी १८८६ मध्ये नॉर्फकच्या ब्रॉड्स ह्या पाणथळ प्रदेशावर प्लॅटिनम मुद्रांच्या ४० चित्रांचा ग्रंथ काढला. बोरू कापणारे, दलदलीतून घरी परतणारे, होडीतून गवत वाहून नेणारे खरे कष्टकरी त्यात दिसतात. १८८९ च्या आपल्या ग्रंथात एमर्सन ह्यांनी सिद्धान्त मांडला की, माणसाचा डोळा जसे पाहतो तसे कॅमेऱ्याने पाहावे. मुख्य विषय पुरेसा स्पष्ट, बाकीचे किंचित धूसर. आणि दीडदोन वर्षांतच, छायाचित्रण ही कला नव्हेच असे ठरवून, काळ्या किनारीचे पत्रक छापून त्यांनी स्वतःच्याच सिद्धान्ताचा मृत्यू जाहीर केला! मराठी समीक्षेत वाद पुष्कळ झाले, पण आपल्याच मताची सुतकपत्रिका काढणारा समीक्षक आमच्या तरी पाहण्यात नाही.

एमर्सन ह्यांच्या निसर्गनिष्ठेला काळाने एक वेगळाच टोला दिला. ब्रॉड्सची सरोवरे निसर्गनिर्मित आहेत असे त्यांच्या काळी सर्वच समजत. १९५० नंतरच्या दशकात जॉइस लँबर्ट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ती मुळात मध्ययुगात जळणासाठी पीट खणून काढलेले खड्डे आहेत. पुढे पाणी चढले आणि ते भरले. म्हणजे एमर्सन ज्याला निसर्ग म्हणून टिपत होते, ती काही शतकांपूर्वीच्या मजुरांची खाण होती. ब्रिटिश ग्रामीण भागातल्या बहुतेक 'निसर्गा'ची हीच कुळकथा आहे. दगडी कुंपणांनी विभागलेली हिरवी कुरणे, मेंढ्यांनी चरून बोडके केलेले डोंगर, शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांसाठी मुद्दाम जाळून राखलेले हेदरचे माळ, ह्यांतले अस्पर्श असे थोडेच.

कीर्टन बंधू अशाच माळांतून आले. यॉर्कशरच्या स्वेलडेल खोऱ्यातील थ्वेट हे त्यांचे गाव, बाप शेतकरी. रिचर्ड (१८६२–१९२८) लहानपणी झाडावरून पडले आणि पाय जन्मभर अधू राहिला. ग्राउसच्या शिकारीसाठी आलेल्या एका लंडनच्या पाहुण्याला ह्या तरुणाने पक्ष्याची हुबेहूब साद घालून दाखवली. पाहुणा कॅसेल ह्या प्रकाशनसंस्थेच्या मालकांच्या घराण्यातला होता. त्याने रिचर्डना नोकरी देऊ केली. पुढे धाकटे चेरी (१८७१–१९४०) तेथेच आले. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनच्या उत्तरेला चेरींनी कस्तुराच्या कुळातल्या एका पक्ष्याच्या घरट्याचे, आतल्या अंड्यांसह, चित्र घेतले. १८९५ मध्ये रिचर्ड ह्यांचे शब्द आणि चेरी ह्यांची चित्रे असे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक कॅसेलने प्रसिद्ध केले. निसर्गविषयक पुस्तक आणि त्यातली सारी चित्रे छायाचित्रे, ही त्या वेळी नवलाई होती.

ह्या पुस्तकात एक विसंगती दडलेली आहे आणि ती आम्हांस महत्त्वाची वाटते. घरटी कोठे, केव्हा, कशी शोधावीत हे ते सांगत होते. आणि त्या काळी अंडी गोळा करणे हा शाळकरी पोरांपासून धर्मगुरूंपर्यंत सर्वांचा प्रतिष्ठित छंद होता. बंदूक आणि अंड्यांची पेटी सोडून कॅमेरा धरा, असा बदल होऊ लागला हे खरे. पण बंदूक सोडली की माणूस निरुपद्रवी होतो हे खरे नव्हे. घरट्याचा पत्ता हा दोघांनाही लागतो. १८९६ मध्ये हे बंधू अटलांटिकमधल्या सेंट किल्डा बेटावर गेले. तिथली माणसे दोरावरून कड्यांवर उतरून फुलमार आणि गॅनेट पक्षी पकडीत. तेच त्यांचे अन्न, तेल, भाडे. ह्याच बेटावरचा इवलासा रेन पक्षी वेगळ्या जातीचा म्हणून १८८४ मध्ये वर्णिला गेला आणि संग्राहकांनी त्याच्या अंड्यांसाठी पैसे मोजायला सुरुवात केली. अखेर १९०४ मध्ये ह्या पक्ष्याच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला. १९३० मध्ये उरलेली ३६ माणसे बेट सोडून गेली. कीर्टनांच्या चित्रांत ही माणसे आहेत, रेन पक्षी अजून तेथे आहे, आणि बेटावर वस्तीच्या ओसाड भिंती आहेत.

आता तो बैल. कीर्टनांकडे तशी सोंगे पुष्कळ होती: कृत्रिम झाडाचे खोड, कृत्रिम खडक, पोटात कॅमेरा बसवलेली मेंढी. बैल त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. आत अवघडून उभे राहून रिचर्ड एकदा बेशुद्ध झाले आणि बैलासकट उलटले. चारी पाय आकाशाकडे केलेल्या त्या बैलाचे छायाचित्रही आहे. लुएलिन ह्यांच्या बगळ्याशेजारी हे चित्र ठेवून पाहावे. तेथे जंगल खरे आणि जनावर पेंढ्याचे. येथे पेंढ्याच्या जनावराचे कातडे पांघरून माणूसच जंगलात उतरला, आणि समोरचा पक्षी जिवंत. पन्नास वर्षांत पेंढा कॅमेऱ्याच्या पुढून मागे आला. कॅमेऱ्यामागचा माणूस अदृश्य होणे ही तेव्हापासून ह्या कलेची अटच झाली.

ह्या अटीची किंमत एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१) ह्यांनी चुकवली. १९३७ मध्ये वेल्समध्ये रात्रीच्या वेळी ते लपणाकडे जात असताना टॉनी जातीच्या घुबडाने त्यांच्या तोंडावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. त्यांनी काम सोडले नाही. १९४८ मध्ये चोचीत उंदीर घेऊन येणाऱ्या गव्हाणी घुबडाचे त्यांचे चित्र जगभर गेले. घुबडाचा दोष काय? घरट्याजवळ कोण आले आणि कशासाठी आले, हे त्याला कसे कळावे! कायद्याने मात्र हा प्रश्न पुढे मनावर घेतला. १९५४ च्या कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांची अंडी घेणे गुन्हा ठरला आणि १९८१ च्या कायद्याप्रमाणे दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यापाशी छायाचित्रणासाठीसुद्धा परवाना लागतो.

पक्ष्यांच्या घरट्याला कुंपण आले हे योग्यच झाले. पण माणसांसाठी कुंपणे केव्हापासूनच होती. ज्या ग्राउसच्या माळांवर कीर्टनांचे नशीब उघडले, तसल्याच किंडर स्काउटच्या माळावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण मालकाची मनाई मोडून चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. फे गॉडविन (१९३१–२००५) ह्यांनी हा धागा पकडला. टेड ह्यूज ह्या कवीबरोबर १९७९ मध्ये यॉर्कशरच्या काल्डर खोऱ्यावर पुस्तक करणाऱ्या ह्या बाई १९८७ ते १९९० ह्या काळात पदभ्रमण करणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या. १९९० च्या त्यांच्या पुस्तकात प्रवेशबंदीच्या पाट्या आहेत, काटेरी तारा आहेत, लष्कराने अडवलेल्या जमिनी आहेत. एरवी छायाचित्रकार दोन पावले बाजूला सरून ज्या तारेला चौकटीबाहेर ठेवतो, तीच तार त्यांनी मधोमध आणली. इंग्लंड-वेल्समध्ये डोंगरमाळांवर मोकळेपणी फिरण्याचा हक्क २००० च्या कायद्याने मिळाला.

त्याच सुमारास, १९८८ मध्ये, गयानात जन्मलेल्या इन्ग्रिड पोलार्ड ह्यांनी कृष्णवर्णीय माणसांना इंग्रजी निसर्गात उभे करून चित्रमालिका केली आणि त्या चित्रांना हाताने रंग दिले. जुन्या रंगीत पोस्टकार्डांची आठवण व्हावी असेच ते रंग आहेत. एका चित्रात दगडी कुंपणावर एक कृष्णवर्णीय स्त्री कॅमेरा घेऊन बसली आहे. मागे तारांचे कुंपण आणि त्यापलीकडे कुरण. खालच्या मजकुरात तेथे तिला वाटणारी अस्वस्थता आहे. ही छायाचित्रकार लपू शकत नाही. बैलाच्या कातड्याचा तिला काही उपयोग नाही. कुरणात तिच्याकडे वळून पाहणारे डोळे पक्ष्यांचे नाहीत.