कॅल्किन्सबाईंनी नाकारलेली पदवी

वुंट, लाइपझिग, १८७९. एबिंगहाउस, निरर्थक अक्षरगट, १८८५. नेट-सेटची तयारी करणारा कुणीही अशा जोड्या घोकतो: एक बाजू झाकायची, दुसरी आठवायची. जोड्यांमधून स्मरण तपासायची ही रीत प्रयोगशाळेत आणली मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी. गाइडमध्ये त्यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते.

कॅल्किन्स अमेरिकेतल्या वेल्स्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवायच्या. कॉलेजला मानसशास्त्र सुरू करायचं होतं, म्हणून आधी वर्षभर तो विषय शिकून या, असं त्यांना सांगण्यात आलं. पण शिकणार कुठे? हार्वर्ड बायकांना घेत नव्हतं. वडिलांनी आणि कॉलेजने अर्ज-विनंत्या केल्यावर १८९० मध्ये वर्गात बसायची परवानगी मिळाली. पटावर नाव मात्र नाही. विल्यम जेम्स यांच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी गळाले आणि शेवटी शेकोटीपाशी दोघंच उरले, गुरू आणि ही बिनपटाची शिष्या. जेम्स यांचा मानसशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ तेव्हा नुकताच छापून आला होता. असा वर्ग कुणाला मिळतो!

१८९१ मध्ये त्यांनी वेल्स्लीत प्रयोगशाळा उभारली. पुढे हार्वर्डमध्येच म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे प्रयोग केले. आधी एक रंग दाखवायचा, मग एक आकडा. अशा बऱ्याच जोड्या झाल्या की रंग क्रम बदलून पुन्हा दाखवायचे आणि आकडा विचारायचा. एखादा आकडा ठळक छापला किंवा अगदी शेवटी दाखवला, तर तो लक्षात राहतोच. पण या सगळ्यापेक्षा वरचढ ठरली ती वारंवारता. म्हणजे आपली घोकंपट्टी.

१८९५ मध्ये त्यांनी पीएचडीची अनौपचारिक परीक्षा दिली. परीक्षक जेम्ससारखे, आणि तेही खूश. विभागाने शिफारस केली, विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण एकच: उमेदवार बाई.

१९०२ मध्ये तोडगा निघाला. हार्वर्डला जोडलेल्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पीएचडी घ्या. कॅल्किन्स यांनी ती घेतली नाही. काम हार्वर्डमध्ये केलं, तर पदवी दुसरीकडची का? ती घेणं म्हणजे हा भेदभाव मान्य करणं, असं त्यांना वाटलं. काहींना हा हट्ट वाटेल. मला तो हिशेब चोख वाटतो.

१९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९२७ मध्ये हार्वर्डच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या पदवीसाठी पुन्हा अर्ज केला. विद्यापीठाने तोही फेटाळला. तीन वर्षांनी त्या वारल्या.