उल्वा बेटाची शांतता

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर सुटी घालविण्यास निघालेला प्रवासी ओबन बंदरांत बोटींत बसतो आणि पाऊण तासानें मल बेटावर उतरतो. मलच्या पश्चिम किनाऱ्यालगत, एक चिंचोळी खाडी मध्यें घालून, उल्वा नांवाचें लहानसें बेट आहे. खाडीच्या कांठीं एक फळी सरकवावयाची. तिच्या मागचा तांबडा रंग उघडा पडला कीं पलीकडचा नावाडी होडी घेऊन येतो. बेटावर पक्का रस्ता नाहीं. आपल्या सह्याद्रीप्रमाणें हें बेटहि ज्वालामुखींतून निघालेल्या काळ्या पाषाणाचें आहे. त्या पाषाणाचे स्तंभ आणि समुद्रपक्षी पाहत दिवसभर चालावें. मनुष्याचा शब्द क्वचितच कानीं पडतो.

या शांततेचें वर्णन करतांना प्रवासी निसर्गाचा गौरव करतात. परंतु दक्षिण किनाऱ्यावरील ऑरमेग व क्रॅकेग या गांवांच्या जागीं छप्पर नसलेल्या दगडी भिंती उभ्या आहेत. ही शांतता निसर्गाची नव्हे, मनुष्यानें घडविलेली आहे.

१७७३ सालीं कोशकार डॉक्टर जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉस्वेल येथें आले, तेव्हां बेटाची मालकी मॅक्वारी कुळाच्या नायकाकडे होती. पुढें कर्जापायीं ती गेली. याच कुळांतील लॅक्लन मॅक्वारी हा इंग्रजी फौजेबरोबर १७८८ सालीं मुंबईस आला. १७९३ सालीं त्यानें तेथें जेन जार्व्हिस हिच्याशीं विवाह केला; ती तीनच वर्षांनीं निवर्तली. १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत तो होता. पुढें त्यानें मल बेटावर जमीन घेतली व तिला मृत पत्नीच्या आठवणीनें जार्व्हिसफील्ड हें नांव दिलें. १८१० ते १८२१ पर्यंत तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. मलवरील ग्रुलिन येथें त्याची समाधि आहे. तिच्यावर त्यास ऑस्ट्रेलियाचा जनक म्हटलें आहे.

त्याचे गांवकरी मात्र समुद्रशेवाळ जाळून राख विकीत. काच व साबण यांच्या कारखान्यांस ती लागे. नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें संपल्यावर परदेशी माल स्वस्त येऊं लागला आणि हा धंदा बसला. १८३५ सालीं क्लार्क नांवाच्या एका वकिलानें बेट विकत घेतलें. १८४६ मध्यें बटाट्यावर रोग पडला. खाण्यास अन्न नाहीं, खंड भरण्यास पैसा नाहीं. क्लार्कला माणसांपेक्षां मेंढ्या किफायतशीर वाटल्या. कुळांना घरांतून काढण्यांत आलें आणि पांच-सहाशेंची वस्ती थोड्याच वर्षांत दोनशेंच्या आसपास आली. पुढेंहि ती घटतच गेली.

देश तर दोघांनींहि सोडला. पण ज्याच्यापाशीं हुद्दा व पैसा होता, त्याच्या समाधीवर शिलालेख आहे. ज्यांच्यापाशीं केवळ श्रम होते, त्यांचीं नांवें त्या भिंतींवर कोठेंहि नाहींत.

२०१८ सालीं, जमीनविषयक नव्या कायद्याच्या आधारें, स्थानिक रहिवाशांच्या संस्थेनें हें बेट विकत घेतलें. त्या वेळीं तेथें पांच-सहाच माणसें उरलीं होतीं. पडकीं घरें दुरुस्त करून कुटुंबें पुन्हा वसवावीं, हा त्या संस्थेचा हेतु आहे. उल्वास जाणाऱ्यानें काळे स्तंभ अवश्य पाहावेत. मात्र परततांना ऑरमेगच्या एखाद्या उंबरठ्यापाशीं घटकाभर थांबावें आणि तेथें चूल कोठें असेल, तें शोधावें.